न दुखणारी टाच

नेऱ्याच्या रस्त्यावर शेळ्या चारणारे एक बाबा मला रोज भेटत. लंगडणारी शेळी हेरायच्या सवयीने ते माणसाच्याही पायांकडे बघूनच बोलत.

मज्जातंतूंच्या जुनाट दाहानंतर माझ्या पायांत ताकद परतली होती, पण वेदना कळवणारे बारीक तंतू गेले ते गेलेच. तरी त्या सकाळी मी काठीशिवाय, परेडला निघाल्यासारखा ऐटीत चालत होतो.

"बाबा, बघा, आता काहीच दुखत नाही!"

"व्हय, पर रगात येतंय की, सायेब."

बाभळीचा काटा चप्पल भेदून टाचेत घुसला होता. बाबांनी मला खाली बसवून तो उपसला.

"दुखलं?"

"नाही," मी ओशाळून म्हणालो.

त्यांनी स्वतःच्या टायरच्या जाड वहाणा काढून माझ्यापुढे सरकवल्या.

"ह्या घाला. मला काटा टोचला तर कळतंय तरी."