गेटवरची गुबगुबीत अक्षरं
परवा चकलीचं पाकीट फोडलं, भाजणीचा खमंग वास आला आणि वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरची ती पाटी आठवली. तेव्हा माझा अक्षरकलेचा कोर्स नुकताच संपला होता, म्हणून सेक्रेटरी काकांनी 'गेटसमोर गाडी लावू नये' ही पाटी मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवली. मी जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर असायची तशी अक्षरं निवडली. ठसठशीत, गोल पोटांची, टोकाला ऐटीत मुरडलेली, पिवळ्यावर लालभडक. पाटी लागली त्याच संध्याकाळी एक कुटुंब बरोबर गेटसमोर गाडी लावून उतरलं. त्यातल्या बाईंनी पाटी लांबूनच पाहिली होती, वाचली नव्हती. "काका, इथे खायला काय मिळतं?" त्यांनी हौसेने विचारलं. "बोलणी," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अगं, तुझ्या या अक्षरांना रागावता येत नाही. ती जेवायलाच बोलावतात!" मी खट्टू झाले, पण हसूही आवरेना. परवाचं ते पाकीट मीच सजवलंय, त्याच अक्षरांत. एक काकांनाही नेऊन दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, एक चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाले, "आता योग्य जागी लागली पाटी."