गुरुवारच्या अकरा जणी

आमची थोरली सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. घरात पाल दिसली की खुर्चीवर चढते, पण सुई हातात आली की तिचा हात तसूभर हलत नाही.

गेल्या वर्षी तिथे मोठं काम निघालं. स्तनाच्या कर्करोगात रक्तातला एक घटक वाढत असावा, असा डॉक्टरांचा कयास. पण निरोगी बाईच्या रक्तात तो किती असतो तेच ठाऊक नाही, मग वाढला हे ओळखायचं कसं? म्हणून ठणठणीत बायका हव्या होत्या. आमच्या हिने लगेच बाही वर केली. म्हणाली, "चाळीस वर्षं यांच्या गोष्टी ऐकूनही टिकलेय, आणखी काय पुरावा पाहिजे?"

आकडे आले. अकरा जणींचे बाकीच्यांच्या दुप्पट, त्यात आमची ही. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अकरा जणींना पत्रं पाठवा, पुढच्या तपासण्यांना बोलवा."

"मॅडम, अकराही जणींनी रक्त गुरुवारीच दिलंय," सून म्हणाली. "दुखणं काय वार बघून येतं?"

"मग म्हणणं काय तुझं?"

"सोमवारपर्यंत पत्रं थांबवा. माझं चुकलं तर मी स्वतः एकेकीला भेटून सांगेन."

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा दिसलं ते इतकंच, की भाजीत मीठ दोनदा पडलं. मी मुकाट्याने जेवलो. मुकाट्याने मला जमत नाही, तरी.

रक्त गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं काढायचं यंत्र गुरुवारी दुपारपर्यंत दुसऱ्या कामासाठी खालच्या मजल्यावर असायचं. तोवर नळ्या वर ताटकळत. सुनेने स्वतःचं आणि पाच मैत्रिणींचं रक्त घेतलं, प्रत्येकीच्या दोन नळ्या. एक लगेच फिरवली, दुसरी चार तास ठेवली. ठेवलेल्या सहाही नळ्यांत आकडा दुप्पट! आमच्या गावच्या डेअरीवर उन्हात ठेवलेलं दूध नासलं की गवळी म्हशीला बोल लावायचा, ते मला आठवलं.

अकरा जणींचं रक्त पुन्हा घेतलं, लगेच फिरवलं. अकराही जणी बाकीच्यांच्या रांगेत चपखल बसल्या.

आता ते यंत्र वरच असतं. दारावर सुनेच्या अक्षरात पाटी आहे: "नळी अर्ध्या तासात यंत्रात." खाली डॉक्टरीणबाईंची सही.

ही मात्र दंड चोळत म्हणाली, "चूक तुमच्या यंत्राची, आणि टोचून घ्यायचं दोनदा मी."

"आई, पुढच्या वर्षी परत मोजायचंय," सून म्हणाली.

हिने दुसरी बाही वर केली.