राही कासारणीचा हात

मांडवीच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर राही कासारणीचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे ओटा, आत एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. माल भरायचा नवरा, आत्माराम. पण चाळिशीतच त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. उजेड कळे, रंगाचे मोठे डाग कळत. माणसाचा चेहरा कळत नसे. तेव्हापासून गिऱ्हाईक राही बघू लागली आणि आत्माराम भिंतीला टेकून प्रत्येक बांगडी नखानं वाजवून पाही. चीर गेलेली असेल तर बद्द आवाज येतो. कितीही बारीक चीर असो, त्याच्या कानातून सुटत नसे.

राहीच्या हाताची ख्याती होती. बाईचा पंजा हातात घेऊन ती अंगठ्याखालचं हाड असं दाबी की बांगडी कधी वर चढली ते कळत नसे. बोलता बोलता डझन भरून होई. एकदा हात हातात घेतला की त्याचं माप ती विसरत नसे. वाटेत भेटलेल्या बाईचं नाव आठवलं नाही तरी तिचं मनगट तिला आठवे.

आमची वाडी खलाशांची. एकोणीसशे सव्वीसच्या दिवाळीनंतर आमच्या वाडीतली अकरा माणसं एकाच गलबतावर कालिकतला निघाली. माझा बाप त्यांत होता. निघायच्या आदल्या दिवशी राही वाडीत आली आणि अकराही घरच्या बायकांना तिनं हिरव्या बांगड्या भरल्या. माझ्या आईला सोनेरी ठिपक्यांच्या हव्या होत्या, तशा दिल्या. मी आठ वर्षांची होते. आईच्या मांडीला टेकून मी ते सगळं पाहत होते. सगळ्यांत शेवटी सगुणा बसली. तिचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. तिचा नवरा केरू दारातून म्हणाला, "घट्ट भर गो राहीबाय. मी येईपर्यंत एकपण वाढता कामा नये." आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

दोन दिवसांनी वादळ झालं. गलबत विजयदुर्गाच्या पलीकडे खडकावर फुटलं. दहा जणांची प्रेतं किनाऱ्याला लागली, तिथल्या लोकांनी ओळख पटवून त्यांचं दहन केलं आणि निरोप पाठवला. अकरावा, केरू, मिळाला नाही.

दहा बायका मांडवीच्या काळ्या वाळूवर गेल्या. तिथे एक कातळ आहे, भरतीला बुडतो. त्या कातळावर त्यांनी हात आपटले. सगुणा मात्र घरातून बाहेर आलीच नाही. दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी पाण्याला आली तेव्हा तिच्या हातात सगळ्या बांगड्या होत्या. तिला कोणी काही बोललं नाही.

बोलणं झालं ते राहीबद्दल. माझी आजी आनंदीबाई वाडीत सगळ्यांत मोठी. तिचा एकुलता मुलगा गेला होता. तेराव्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "अकरा हात एका दिवसात भरले नि अकरापण गेले. तिच्या हातचं लेणं आम्हाला लागलं नाय. आता वाडीतल्या कोणी तिला हात द्यायचा नाय." ही गोष्ट बाजारापर्यंत जायला आठवडा पुरला. झाडगावच्या, मिऱ्याच्या बायकासुद्धा दुसऱ्या कासाराकडे जाऊ लागल्या. लग्नसराई आली आणि गेली. राहीच्या दांड्यांवरच्या बांगड्यांच्या माळा जशा होत्या तशाच राहिल्या.

त्या दिवसांचं ती मला पुढे कितीतरी वर्षांनी बोलली. लोक येत नाहीत याचं दुःख होतंच. घरात दोन माणसं, आणि हातात दुसरी विद्या नाही. पण त्याहून वाईट वेळ संध्याकाळची. दिवेलागणीला मागच्या विहिरीवर बांगड्या वाजत. पाणी शेंदताना बाईच्या हातात वाजतात तशा, एकीच्या नव्हे, खूप जणींच्या. ती दारात जाऊन बघे. विहिरीवर कोणी नसे. आत येऊन ती नवऱ्याला विचारी, "ऐकलंत?"

आत्माराम कान देऊन बसे. ज्याच्या कानातून बारीक चीर सुटत नसे त्याला काही ऐकू येत नसे. "कायच नाय गो," तो म्हणे. आणि थोड्या वेळानं, "पण तुला येतोय ना आवाज? मग असेल."

त्यानं तिला वेडी ठरवली नाही, एवढ्यावर आपण तगलो असं ती म्हणायची.

गिऱ्हाईक नसलं तरी ती सकाळी दुकान उघडी. ओटा सारवी, माळा पुसून परत टांगी. दुकानाचं तोंड पूर्वेला होतं. एकदा सकाळी उन्हाची तिरीप माळांतून आत गेली आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर रंग पडले. आत्माराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "हे निळं कसलं?"

राही थबकली. तीन वर्षांत त्यानं रंगाचं नाव घेतलं नव्हतं.

"तुम्हाला दिसतंय?"

"डाग दिसतोय. नि त्याच्या बाजूला तांबडं. हलतंय."

तेव्हापासून तिनं रोज माळांची जागा बदलायचा नाद घेतला. आज पिवळ्या पुढे, उद्या जांभळ्या. ऊन घटकाभरच तिथे टिके. तेवढा वेळ दोघं भिंतीकडे बघत बसत. तो ओळखी, ती खरं की खोटं सांगे. कधी ती मुद्दाम खोटं सांगे आणि तो रुसल्यासारखं करी. मग ऊन वर सरके आणि भिंत नुसती भिंत होई. दुकानात दिवसभर कोणी येणार नाही हे दोघांना ठाऊक असे. पण ती घटका त्यांची झालेली असे.

मी त्या दुकानापाशी गेले ती काचापाणी खेळायला. भरती ओसरली की आम्ही तिघीचौघी मुली त्या कातळाजवळ काचा वेचायला जायचो. काळ्या वाळूत हिरव्या काचा लांबूनही दिसत. कुठून आल्या ते आम्हाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. मुलांचं तसंच असतं. वाडीत खेळलं की बायका ओरडत, म्हणून आम्ही राहीच्या ओट्याचं टोक धरलं. तिथे कोणी येत नसे.

काचा जमिनीवर फेकायच्या आणि दुसरीला धक्का न लावता एकेक उचलायची, असा तो खेळ. मी फेकल्या आणि मागून राही आली. वाकली. एक तुकडा तिनं बोटावर घेतला. त्यावर सोनेरी ठिपका होता.

"कुठनं आणलास गो हा?"

"दर्यावरनं."

मला वाटलं आता हाकलणार. तिचा चेहरा मला आजही डोळ्यांपुढे येतो. अंधाऱ्या खोलीत कोणी हाक मारावी आणि ओ द्यावी की नाही ते कळू नये, तसा तो झाला होता. मग ती खाली बसली, तुकडा परत ढिगात ठेवला आणि म्हणाली, "दमयंती ना तू? तुझा हात चुकतोय. नखानं नको उचलू, बोटाच्या पेरानं उचल." आणि तिनं पाच काचा अशा उचलल्या की बाजूची काच श्वासानंसुद्धा हलली नाही. आम्ही बघत राहिलो. सहावी हलली तेव्हा ती हसली. आत आत्मारामनं विचारलं, "कोण हसलं?"

आजीला कळलं तेव्हा तिनं मला दंडाला धरून घरी नेलं. मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. आईनं मला जाताना पाहिलं होतं. तिनं मला अडवलं नाही.

दुपारी तिथे सगुणाही येई, पण मागच्या दारानं. ती काथ्या कुटायला जायची. त्या कामात बांगड्या टिकत नाहीत. फडकं गुंडाळून ती जपायची, तरी दोन-तीन महिन्यांनी एखादी जाई. पहिल्यांदा आली तेव्हा राहीनं हात मागे घेतला होता.

"माझ्या हातचं नको, सगुणा. परत बोल लागेल."

"तुझ्याच हातचं पायजे," सगुणा म्हणाली. "त्यानं जाताना तुझ्या हातच्या बघितल्यात."

राहीनं बांगडी भरली. भरताना एकदाही वर बघितलं नाही. पुढे ती मला म्हणाली, "बाय, प्रत्येक वेळी वाटायचं, मी हिला बांगडी भरत नाय, दर्याला बांधून घालत्येय. पण नाय म्हणायचं तर कुठल्या तोंडानं?" एकदा तिनं सगुणाला विचारलं, संध्याकाळी वाडीतल्या विहिरीवर तुला काही ऐकू येतं का? सगुणा सहज म्हणाली, "येतं ना. पहिल्या दिवसापासनं. म्हणून तर मी माझे हात हलू देत नाय. वाटतं, माझ्या कुठल्या नि त्या दहाजणींच्या कुठल्या, कळायचं नाय." त्यानंतर दोघी दुपारी गवती चहाची पात घातलेला गुळाचा चहा घेत आणि दुसरंच काहीतरी बोलत. फणस कोणाचा गोड निघाला, बोटीतून कोण उतरलं, असलं. मी ते ऐकत बसे.

अशी सहा वर्षं गेली. बाहेरगावच्या थोड्या बायका यायच्या, त्यावर दुकान जेमतेम चाललं होतं. माझं लग्न ठरलं गुहागरला. चुडा भरायचा दिवस आला तेव्हा आजी म्हणाली, राजापुराहून कासार आणू. मी म्हटलं, मी राहीबाईशिवाय कोणाला हात देणार नाही. आजीनं माझ्याकडे रोखून बघितलं. घरात पाहुणे होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. पांढरं लुगडं, पिठानं भरलेले हात. सहा वर्षांत ती आजीसमोर मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "राहीलाच बोलवा. त्या दिवशी तिनं माझा हात धरला होता. तिच्या हातात काय होतं ते मला ठाऊक हाय. दोष नव्हता."

आजी उठून परसात गेली. ती नको म्हणाली नाही, म्हणून माणूस पाठवला.

राही आली. वाडीत सहा वर्षांनी पाऊल. बायका भिंतींना लागून उभ्या. तिनं माझा पंजा हातात घेतला. चौथी बांगडी चढवताना ती तिच्या बोटांत फुटली. तिच्या हातून बांगडी फुटलेली कोणी कधी पाहिली नव्हती. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. ती बांगड्यांची माळ आवरायला लागली.

दारातून आजीचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणास ठाऊक. "दुसरी घे," ती म्हणाली. "एक वाढली म्हणून पोरीला अर्ध्या हातानं धाडशील काय?"

राहीनं दुसरी घेतली. दोन्ही हात भरून झाले तेव्हा मी रिवाजाप्रमाणे तिला वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादाचं तिच्या तोंडून काही निघालं नाही. तिची भीती मला कळत होती. गुहागरला जाईपर्यंत आणि गेल्यावरही मी मनगटं जपून वागले.

त्यानंतर वाडीतल्या बायका एकेक करून परत आल्या. बाजारही परत आला. पण संध्याकाळचा तो आवाज गेला नाही. मी माहेरी आले की विचारायची. ती नुसती होकारार्थी मान हलवायची.

अडतीस साली केरूला जाऊन बारा वर्षं झाली. न सापडलेल्या माणसाची तेवढी वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करतात. केरूच्या भावांनी भटजींना सांगितलं, दिवस ठरला. मी दिवाळीला आले होते. त्या दिवशी सकाळी वाडीतल्या म्हाताऱ्या सगुणाला कातळावर न्यायला तिच्या अंगणात येऊन बसल्या आणि सगुणा घरात नव्हती. सगळे विहिरीकडे, दर्याकडे धावले. मी राहीकडे गेले.

सगुणा तिथेच होती. दोन्ही हात राहीच्या मांडीवर ठेवून बसली होती. "कातळावर नको," ती सांगत होती. "फोडायच्या नायत. तू भरल्यास, तूच काढ."

राहीनं खोबरेल तेल घेतलं. भरणं तिचं रोजचं होतं. अखंड काढणं कोणी कधी मागितलं नव्हतं. सगुणाचा हात काथ्यानं रापलेला, हाडं रुंद झालेली. पहिली बांगडी उतरायला बराच वेळ लागला. सगुणानं ओठ दाबून धरले होते. एकेक उतरली की राही ती आत्मारामच्या हातात देई आणि तो नखानं वाजवून बाजूला ठेवी. "शाबूत," तो म्हणे. पुढची. "शाबूत." चोवीस बांगड्या निघेपर्यंत ऊन ओट्यावरून उतरलं. चोवीसच्या चोवीस शाबूत निघाल्या. सगुणाच्या मनगटांवर पांढरे वळ होते, बारा वर्षांत ऊन न लागलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"हलके झाले," ती म्हणाली. आणि मग रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

राहीनं तिला रडू दिलं. मग पेज वाढली, भाजलेला सुका बांगडा आणि लोणच्यातली आंब्याची फोड दिली. सगुणा सकाळपासून उपाशी होती; तिनं पेज दोनदा मागून घेतली. मला आठवतं, दुसऱ्यांदा वाढताना राहीचा चेहरा खुलला होता. बांगड्या एका फडक्यात बांधून तिनं सगुणापुढे ठेवल्या. सगुणा त्या घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली आणि भर बाजारातून उघड्या मनगटांनी वाडीकडे चालत गेली. तिथे म्हाताऱ्या वाट बघत होत्या. माझी आई उठली आणि तिला आत घेऊन गेली.