युसुफभाई गवंडी नव्हते

युसुफभाई गेल्याचं मला शुक्रवारी सकाळी वर्कशॉपमधून आलेल्या फोनवर कळलं. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर शोकसंदेश आला. 'वर्ल्डकपची स्टेडियम्स उभी करण्यासाठी घाम गाळणारे, श्रीवर्धनकडचे गवंडी युसुफभाई यांचे आज दोहा येथे हृदयविकाराने निधन.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि कुणीतरी मोठ्या मनाने लिहिलेलं, 'या अनाम हातांना सलाम.' अनाम? अहो, नाव वर लिहिलंय की! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी उन्हात उभं राहून खरोखर ती स्टेडियम्स बांधली, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं, आत्ता बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलायला हवं. पण म्हणून वाटेल त्या माणसाला उचलून त्या यादीत टाकायचं? युसुफभाईंनी आयुष्यात एक वीट रचली नाही. ते मोटरसायकलींना बर्फात चालायचे पट्टे बसवत. हो, इथे, कतारमध्ये.

आता तुम्ही हसाल. सगळेच हसतात, आणि या लेखाचं कारणही ते हसणंच आहे. मी ज्या कंपनीत कागदपत्रं सांभाळते तिचं चकचकीत शोरूम लुसैलला आहे, माझं ऑफिसही तिथेच, आणि वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात, जिथे फाइली घेऊन माझी रोज फेरी होते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे हिवाळाभर वाळूच्या टेकड्यांवर मोटरसायकल उडवणारी हौशी मंडळी. सुट्टी लागली की यातले काही जण गाड्या कार्गोने पाठवून जॉर्जियाच्या नाहीतर तुर्कस्तानच्या डोंगरात बर्फावर चालवायला जातात. त्यासाठी गाडीचं पुढचं चाक काढून तिथे एक रुंद पट्टी बसवतात, तिला स्की म्हणतात. मागचं चाक काढून तिथे फिरता रबरी पट्टा येतो, त्यावर बर्फ मागे लोटणाऱ्या रबराच्याच पात्या. हे सगळं एका खोक्यात किट म्हणून मिळतं. लांब पट्टा भुसभुशीत बर्फावर तरंगतो, पण वळायला नाखूश असतो आणि ओढायला इंजिन दांडगं लागतं. आखूड पट्टा चपळ, पण बर्फ खोल असेल तर रुततो. पात्याही उंच आणि बुटक्या असतात. चुकीचं किट घेऊन गेलेला माणूस दिवसभर एकतर फावड्याने गाडी उकरतो किंवा हँडलशी कुस्ती खेळतो. कुणाला कोणतं किट, हे आमच्याकडे फक्त युसुफभाई ठरवत, आणि त्यांनी जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता.

गिऱ्हाईक आलं की आधी मोबाईलवर स्वतःचे व्हिडिओ दाखवायला लागे. प्रत्येकाला सगळ्यात लांब पट्टा आणि सगळ्यात उंच पात्या हव्या असत, कारण कुठल्या तरी मित्राकडे त्या होत्या. युसुफभाई मोबाईलकडे बघतसुद्धा नसत. "ते ऱ्हावंदे. गाडी आन इकडं," अशा अर्थाचं काहीतरी हिंदी-अरबीत सांगत आणि गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारत. पाय ठेवायच्या जागेवरचे दाते कुठल्या बाजूने झिजलेत, सीटची शिवण पुढून उसवलीय की मागून, क्लचचं काय केलंय बाबाने... बोट फिरवून बघत. मग एकच प्रश्न विचारत, वाळूत फसलास की काय करतोस? कुणी म्हणे, आणखी रेस देतो. त्याला लांब पट्टा, कारण हा गडी डोंगरातही हात ढिला सोडायचा नाही, तेव्हा त्याला तरंगतच ठेवला पाहिजे. कुणी म्हणे, उतरतो, गाडी आडवी करतो, वाट बघून काढतो. त्याला आखूड पट्टा, त्याचं अंगच गाडी वळवतं. आणि कुणी छाती काढून म्हणे, मी कधी फसतच नाही. मग युसुफभाई माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटत, "म्हंजे ह्यानं अजून चालवायला सुरुवात केली नाय गो बाय." मी हसू दाबायला फाइलमध्ये तोंड घालायचे.

नासर नावाचा एक कतारी मुलगा परदेशातून शिकून आला होता, त्याची गोष्ट सांगते. त्याची गाडी लहान इंजिनाची आणि हट्ट सगळ्यात लांब पट्ट्याचा. आमचे मॅनेजर, मूळचे पुण्याचे, म्हणाले, कस्टमर मागतोय ते द्या आणि यल्ला, खलास करा. युसुफभाईंनी गाडी पाहिली. पाय ठेवायचे दाते गुळगुळीत झालेले, सीट मात्र नवी कोरी. म्हणजे पोरगा उभा राहून चालवणारा, अंग झोकून वळणारा. त्यांनी त्या लांब किटच्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा ह्याच्या गाडीला बसवायचा असंल तर दुसऱ्या कुनाला सांगा." मॅनेजर भडकले. "अहो, तुम्ही आयुष्यात बर्फ तरी पाहिलाय का?" युसुफभाई शांतपणे म्हणाले, "पायलाय की, फ्रीजमदी." नासरने विचारलं, काय म्हणाला हा? मी इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की त्याला टेकायला स्टूल द्यावं लागलं, आणि हसून झाल्यावर त्याने मुकाट्याने आखूड किट घेतलं. सुट्टी संपवून परत आला तो मॅनेजरच्या वर्कशॉपमधल्या केबिनवरून सरळ पुढे गेला आणि ग्रीस लागलेल्या युसुफभाईंचं कपाळ चुंबलं. लांब पट्टा लावून गेलेला त्याचा मित्र दुपारभर एकाच उतारावर अडकून पडला होता म्हणे. त्यानंतर नासरने आपल्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग हा माणूस गवंडी कसा झाला? आखातात राहणाऱ्यांना सांगायला नको. महाडच्या एका गॅरेजात हात बसलेला हा मेकॅनिक इकडे यायला निघाला, तेव्हा एजंटकडे गवंड्याचा व्हिसा शिल्लक होता. आमच्या मालकांचीच एक बांधकाम कंपनी आहे, तिच्या नावावरचा. चालेल का, चालेल. आपल्यातले कितीतरी जण असे आले. इथल्या सरकारी ओळखपत्राच्या कार्डावर इलेक्ट्रिशियन असलेला गृहस्थ हिशेब लिहितो, आणि आपण जेवणाच्या टेबलावर त्याच्या गमती सांगतो. युसुफभाईंच्या कार्डावर वीस वर्षं गवंडी लिहिलेलं राहिलं. ते बदलायला एक अर्ज आणि एक सही लागत होती. तो अर्ज मी स्वतः भरून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला होता, एकदा नाही, तीनदा. उत्तर ठरलेलं, "वर्ल्डकप होऊ दे, मग बघू." या चार-पाच वर्षांत इथे ज्याला काही करायचं नव्हतं त्याने हेच सांगितलं. आमच्या अल दुहैलच्या गल्लीतला खणलेला रस्ता वर्ल्डकपनंतर, मुलाच्या शाळेची बस वर्ल्डकपनंतर, आणि माणसाची ओळखही वर्ल्डकपनंतर!

मार्च महिन्यात युसुफभाई पहिल्यांदाच लुसैलच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. "बाय, एक कागद होवा," म्हणाले. वर्ल्डकप झाला की ते कायमचे गावी जाणार होते. "गावात हसतात गो. मेव्हना तर चार लोकांत म्हनतो, कतारात बरफ कुटला? हा तिकडं इटा व्हातो नि इकडं येवून गजाली सांगतो. फोटू दाखवलं तर म्हनतो, गाडीच्या बाजूला कुनीपन उभा ऱ्हातो." मी विचारलं, आणि भाभी काय म्हणतात? त्यांनी शर्टाची बाही नीट केली. "ती काय म्हनत नाय." मग म्हणाले, "तू लेटरहेडवर लिव, मी काय काम करतो ते. शिक्का मार. फ्रेम करून लावीन."

मी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, कार्डावर जो हुद्दा, तोच पत्रात. दुसरं काही लिहिलं तर कंपनीच अडचणीत येईल. मी भांडले, पण किती? पाच मिनिटंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं. मी परत येऊन टाइप केलं, की सदर व्यक्ती आमच्याकडे गवंडी म्हणून कार्यरत असून तिची वर्तणूक चांगली आहे. शिक्का मारला. युसुफभाईंनी इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत पत्र वाचलं. एका शब्दावर बोट थांबलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हा नको गो बाय. हा त्यांना खरा वाटंल." आणि शुक्रन म्हणून गेले. माझेच आभार मानले!

जूनमध्ये बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या त्यांच्या खोलीत, नमाजाला जायचे कपडे पेटीतून काढत असताना, ते कोसळले. पार्थिव घरी पाठवायचे कागद मीच तयार केले. प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. कार्डावरचाच शब्द लिहावा लागतो, नाहीतर कागद अडकतात आणि माणूसही अडकतो. मी पुन्हा तोच शब्द लिहिला. किती वेळा लिहिला ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी भाभींचा फोन आला. आम्ही कधी बोललो नव्हतो. आवाज अगदी हळू. "कागदावर गवंडी लिवलंय. माजा भाव म्हनतो, बग, मी सांगत हुतो ना. मी वीस वर्सात त्यांना कदी इचारलं नाय. तुमी येकदाच खरं सांगा... ते माज्याशी खोटं बोलायचे काय?" मला रडू येण्याआधी राग आला. मेव्हण्याचा, मॅनेजरचा, त्या ग्रुपवरच्या सलामवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी अर्धा तास बोलले. गाडीभोवतीची फेरी, नासर, फ्रीजमधला बर्फ, सगळं सांगितलं. फ्रीजच्या गोष्टीला त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमी सांगताव ते खरंच असंल. पन तुमी हे कागदावर लिवून द्याल काय?"

मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. "माणूस गेला, आता कशाला?" एवढंच म्हणाले. खरोखर आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा होता त्यांचा. जिवंत होता तेव्हा नंतर, आणि गेला तर आता कशाला! मग त्याला त्याचं काम कधी मिळायचं होतं?

युसुफभाई घडी घालून ठेवून गेले होते ते पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. फेकायचा धीर झाला नव्हता. काल मी ते टेबलावर उलगडलं. लेटरहेड कंपनीचं, शिक्का कंपनीचा. गवंडी म्हणून लिहिलेला तो इंग्रजी शब्द मी निळ्या पेनने दोनदा खोडला. वर मराठीत लिहिलं, 'मोटरसायकल फिटर. कुणाच्या गाडीला बर्फातला कोणता पट्टा बसवायचा हे आमच्या कंपनीत फक्त यांना कळत होतं. आधीचा शब्द खोटा आहे, तो मी टाइप केला होता.' बाजूला पूर्ण नावानिशी सही केली. उद्या कंपनीने विचारलं तर अक्षर माझंच आहे, नाकारणार नाही. आज सकाळी ते कुरिअर केलं. भाभी, कागद पोचला की तो फ्रेम करा, आणि आधी तुमच्या भावाला समोर बसवून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.