मंजुळाबाईंची पाठ

नव्वदच्या दशकात डोंबिवली-कल्याणकडे मंजुळा रोकडेला काही लोक ‘पाठवाली बाई’ म्हणत. तिने पुढे आणखी संगीतिका बसवल्या, शाळाशाळांतून वाद्यवृंद उभे केले. पण हे नाव पडलं ते पहिल्याच प्रयोगाला, ठाण्यात, अठ्ठ्याऐंशी साली. त्यात नायिका मी होते, तेव्हा ही हकिकत मीच सांगायला हवी.

मंजुळा कळव्याच्या चाळीतली. वडील चांगदेव कल्याणला रेल्वेच्या एका जुन्या हॉलवर रखवालदार. तिथे एक पियानो होता. तो वाजवणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं कधीच देश सोडून गेली होती. एक म्हाताऱ्या गोवेकरीण बाई तेवढ्या उरल्या होत्या, त्यांनी चांगदेवांच्या पोरीला शिकवलं. पोर मोठी झाली आणि तिने खाडीवरच्या एका कोळणीची गोष्ट संगीतात बांधली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गायचं, मध्ये बोललेलं एक वाक्य नाही. कोरसला कोलशेतच्या खऱ्या कोळणी, त्यांची म्होरकी ठमाबाई.

मी संगीत नाटकात वाढलेली. तिथे आम्ही ताना घ्यायच्या आणि ऑर्गनवाल्याने मागे धावायचं! पहिल्या तालमीला मी सवयीने सूर लांबवला. मंजुळाने हात खाली घेतला.

“ताई, फार सुंदर. पण तुम्ही खाडीतच राहिलात आणि आमची होडी धक्क्याला लागली.”

ठमाबाई पदरात हसली. मी पुन्हा गायले, तिच्या हाताकडे बघून.

रंगीत तालमीला प्रयोग लावणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष परशुरामभाऊ आले. कोळी गड्यांनी होडी ओढावी तसा पियानो रंगमंचासमोर आणून ठेवला होता. मंजुळा त्याच्यापाशी उभी. डावा हात पट्ट्यांवर, उजवा हवेत, तोंड आमच्याकडे.

“बाई, हे चालायचं नाही,” भाऊ म्हणाले. “पहिल्या रांगेत पाहुणे असणार आणि तुम्ही त्यांना पाठ दाखवणार?”

“गाणाऱ्यांना माझा चेहरा दिसायला हवा, भाऊ.”

“मग विंगेत बसा. तिथून हलवा काय हात हलवायचे ते.”

“विंगेतली मी अर्ध्यांना दिसणारच नाही.”

“मग प्रयोग बंद. पाहुण्यांचा अपमान मी होऊ देणार नाही.”

तिने ‘विंगेत बसते’ एवढंच म्हणायचं होतं, की तिची इतक्या वर्षांची मेहनत लोकांसमोर आली असती. मंजुळा म्हणाली, “माझे आजोबा गावात रस्त्याच्या कडेला पाठ फिरवून उभे राहायचे, मोठी माणसं निघून जाईपर्यंत. त्यांना तसा हुकूम होता. माझी पाठ मी माझ्या कामासाठी फिरवली आहे. ती आता कुणाच्या हुकमाने हलायची नाही.”

“आन ही बाय जिथं उबी रावंल तिथंच आमी बगनार,” ठमाबाई पुढे आली. “बंद करायचा त करा, भाऊ. आमी दारात उबं रावून गाऊ.”

तिकिटं खपली होती. भाऊ पुटपुटत निघून गेले.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत एक खुर्ची मांडलेली दिसली, वर लाल गादीसुद्धा! मंजुळाने ती उचलली, ठमाबाईला मेकअपला बसायला नेऊन दिली आणि पांढऱ्या साडीत पियानोपाशी जाऊन उभी राहिली. पाठ प्रेक्षकांना.

“ओ बाई, तोंड फिरवा!” मागून कुणी ओरडलं. शिट्ट्या झाल्या. तिने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. तिचा चेहरा फक्त आम्हाला दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे आमच्यावर. हळूहळू थिएटर शांत झालं. मग तो हात खाली आला.

उत्तरार्धात माझ्या गाण्याला ‘वन्समोर’ पडला. नटीच्या कानाला याहून गोड काय असतं! मी मंजुळाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही, आणि पुढचा सूर दिला. मी पुढे गेले. म्हणून तर नवऱ्याची वाट पाहणाऱ्या त्या कोळणीची हाक मध्येच तुटली नाही.

शेवटचा सूर विरला. मंजुळाने पियानो मिटला आणि मग, आपल्या मनाने, प्रेक्षकांकडे वळली. लोक उभे होते. भाऊ पहिल्या रांगेतून पुष्पगुच्छ घेऊन लगबगीने तिच्यासमोर आले.

रंगमंचावरून ठमाबाईचा आवाज आला, “ओ भाऊ! पावन्यांना पाठ दावताव का?”

सगळं थिएटर हसलं. भाऊ चपापले, पण गुच्छ द्यायचा तर तसंच उभं राहणं भाग होतं. मंजुळाने तो घ्यायची मुळीच घाई केली नाही.