आतल्या कंप्युटरचा आवाज

माझी बायको भोकरदनजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. तिच्या डोळ्यांचा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मागच्या वर्षी पडद्यावरची अक्षरं दिसणं पूर्ण थांबलं. वर्गातली मुलं तिला आवाजावरून कळतात, धडे पाठ आहेत. अडलं ते वर्णनात्मक नोंदींपाशी. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाविषयी दोन-चार वाक्यं कंप्युटरवर लिहून द्यावी लागतात. मुलं चौतीस. ह्या नोंदी स्वतःच्या स्वतः लिहिता येतील तोवरच आपण शिक्षिका, असं तिनं ठरवलं होतं आणि मला तसं सांगितलंही होतं.

संभाजीनगरला दहा दिवस राहून ती शिकून आली. विंडोजमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज असतो. माऊसला हात न लावता नुसत्या बटणांवर काम करायचं. एकतीस शॉर्टकट तिला तोंडपाठ झाले होते. मी ते वहीत उतरवून घेतले.

घरचा कंप्युटर मात्र विंडोजऐवजी फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर होता, आणि त्याला कारण मी. चार वर्षांपूर्वी दुकानदार विनापरवाना विंडोज टाकून देत होता. "साहेब, अख्खा तालुका हेच वापरून राह्यलाय. तुम्हालाच कोण धरायला येतंय?" मी नको म्हणालो. तेव्हापासून माझं सगळं काम लिनक्सवर. आता तिच्यासाठी परवान्याची विंडोज घेतली, पण लिनक्स पुसणं जिवावर आलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर सुरू करताना पडद्यावर बघून एक निवडावी लागते. ते तिला जमलं नसतं. म्हणून मी लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन तयार केलं, म्हणजे कंप्युटरच्या पोटात दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कंप्युटर, आणि विंडोज त्यात बसवली.

पहिल्या दिवशी एकतीसपैकी एकोणीस शॉर्टकट चालले. बाकीचे बारा बाहेरचं लिनक्स मधल्या मध्ये स्वतःकडे घेत होतं. सेटिंग बदलत बदलत मी आकडा सव्वीसवर नेला. उरलेले पाच सर्वांत वाईट होते. त्यांतला एक जरी दाबला तरी ती विंडोजमधून बाहेर लिनक्समध्ये पडायची, आणि लिनक्समध्ये तिला वाचून दाखवणारा आवाज नव्हता. खोली एकदम शांत व्हायची.

"अहो, मी कुठंय आता?" ती विचारायची.

मी येऊन तिला आत नेऊन सोडायचो. एका संध्याकाळी हे चौदा वेळा झालं.

"आमच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसवतात, तसं करून ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली. "हजेरी पहिलीची घेतली की 'हजर बाई' तिसरीचं पोरगं म्हणतंय."

शेवटी सगळी बटणं आतच पाठवणारी एक सोय सापडली. एकतीसच्या एकतीस चालले. आठ दिवसांत तिनं अकरा मुलांच्या नोंदी लिहिल्या. 'गोष्ट ऐकताना शेवट आधीच सांगून टाकते. चुकला तर आपलाच बरा होता म्हणते.' अशा त्या नोंदी. आवाज वाक्य परत वाचून दाखवायचा, ती एखादा शब्द बदलायची.

नवव्या दिवशी मी लिनक्सचं अपडेट केलं. अपडेट मी कधी चुकवत नाही. त्यानंतर ती सोय चालेना. दोन रविवार गेले. इंटरनेटवर अनोळखी तिघांनी उपाय सांगितले, तिन्ही करून पाहिले. आकडा पुन्हा सव्वीस.

"पुसून टाकतो लिनक्स," मी म्हणालो.

"हे दोन महिन्यांआधी का न्हाई सुचलं?"

नोंदी द्यायला दोन दिवस उरले होते, आणि माझ्या फाइली काढून ठेवायलाच तेवढे लागले असते. मग तू सांग, मी टाईप करतो, असं ठरलं.

ती म्हणाली, "लिहा. बऱ्याचदा डबा शेजारच्याला देतो."

"बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून किती वेळा?"

ती पुढच्या मुलीला 'थोडी अबोल' म्हणाली, तेव्हाही मी 'थोडी'पाशी अडलो. मला खरंच कळत नव्हतं. तीन मुलांच्या नोंदी झाल्या आणि ती बोलायची बंद झाली.

"तुमच्यासमोर न्हाई येत मला सांगता," ती म्हणाली. "शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदींची फाईल फिरतीय. सगळेच त्यातलं टाकतात. तेच टाका."

वीस वर्षांत असलं तयार वाक्य तिनं कधी वापरलं नव्हतं. मी फाईल उघडली. साठ वाक्यं होती, मुलं वीस राहिली होती.

"कुठलं वाक्य कोणाला?"

"कुठलंबी. क्रमानं टाका."

मी कॉपी करून चिकटवत गेलो. ती शेजारीच बसली होती, हात मांडीवर. पंचविसाव्या नावापुढे 'चित्रे सुबक काढते' आलं. मला राहवलं नाही. ही खरंच चित्रं काढते का, असं विचारलं.

"काढत असंल. मला कुठं दिसतात आता."

मी ते तसंच ठेवलं आणि सव्विसाव्या नावावर गेलो.