चाच्यांचं बुजगावणं

ज्वारी दाण्यात आली, म्हणून काल सेलूच्या रानात बुजगावण्याला माझा जहाजावरचा जुना बॉयलर सूट चढवला. त्याला अजून कच्च्या तेलाचा वास येतो. त्या वासासरशी मी मनानं थेट त्या तेलवाहू टँकरवर पोचलो.

समुद्री चाच्यांचा टापू होता. पहारा दिसावा म्हणून आम्ही सुटांत चिंध्या भरून कठड्याला पुतळे बांधले. बाकीच्यांचे ताठ, मी मात्र याच सुटाच्या बाह्या मोकळ्या सोडल्या, माझे वडील आबा रानातल्या बुजगावण्याच्या सोडतात तशा. सकाळी एक होडी सुसाट अंगावर आली. तेवढ्यात वाऱ्यानं माझ्या पुतळ्याचा हात उगारला गेला आणि होडी वळली! चाचे माझ्या पुतळ्यालाच भ्याले, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो.

कालही आबांना तेच सांगत होतो, तर एक चिमणी खुशाल त्याच सुटाच्या खांद्यावर येऊन बसली.

"चाचे भ्याले आसतील," आबा म्हणाले, "ही सेलूची हाय."